उजवा कौल

अनशीकाकीने एसटीला कधी हात दाखवला नाही. घरी परतताना ती आपली पाटी रस्त्याच्या मधोमध ठेवायची आणि स्वतः आंब्याच्या सावलीत जाऊन बसायची. गाडी वळण घेऊन आली की समोर पाटी. पाटीत कधी कडवे वाल, कधी फणस, कधी पाय बांधलेला कोंबडा, आणि तो आमच्याकडे असा बघायचा की गुन्हा आमचाच. ड्रायव्हर करकचून ब्रेक मारायचा आणि तोंडाला येईल ते बोलायचा. ते सगळं ऐकून घेत ती सावकाश उठायची. "पाटी काय पळत व्हती का रे? मंग वरडतोस कशाला?" एवढं विचारून ती गाडीत चढायची, आणि पाटी मात्र मला उचलावी लागायची.

मी त्या गाडीचा कंडक्टर. आमच्याकडे कंडक्टरला मास्तर म्हणतात, त्यामुळे कुणाला काही न शिकवता मी जन्मभर मास्तर राहिलो. गाडी महाडहून संध्याकाळी सुटायची, पोलादपूर सोडलं की आंबेनळीच्या रस्त्याने थोडी वर जायची आणि मग आत फुटून वरच्या वाडीला मुक्काम करायची. डांबर संपतं तिथे वाडी, आणि वाडीतलं पहिलं घर अनशीकाकीचं. मुक्कामाच्या गाडीला जेवण कोण घालणार, हा प्रश्न कधी निघालाच नाही. गाडी आपल्या अंगणाच्या तोंडाशी उभी राहते, म्हणजे ती आपल्या दारी आली, असं तिचं सरळ म्हणणं होतं.

तिचं खरं नाव अनसूया. माहेर खाली सावित्रीच्या काठचं, भातशेतीचं. वयात येते न येते तोच तिला डोंगरात दिली, जिथे उतारावर नाचणी आणि वरी पिकते आणि भात म्हणजे सणाचा. हे दुःख तिने म्हातारपणापर्यंत ताजं ठेवलं होतं. आमच्या ताटात भाकरी वाढताना ती न चुकता म्हणायची की बापाला जावई दिसला, जमीन दिसली नाय. जावयाबद्दल मात्र तिने कधी वाकडा शब्द काढला नाही. तो तरुणपणीच तापाने गेला होता. पदरात लहानगा महादू, एक म्हैस, आणि उतारावरचे जमिनीचे तुकडे. धाकटा दीर तुकाराम मुंबईला नोकरीत. त्याची मुलंही काही वर्षं काकीनेच वाढवली, कारण मुंबईच्या खोलीत तेवढी माणसं मावत नव्हती.

जेवणाचा तिचा क्रम ठरलेला होता. आधी झोलाईचा नैवेद्य, मग गाय, मग आम्ही, मग घरचे, शेवटी ती. एकदा आमच्या ड्रायव्हरला भूक आवरेना, तो म्हणाला काकी, नैवेद्य मागनं दाखव. तिने भाकरी थापता थापता त्याच्याकडे नुसतं बघितलं. म्हणाली, ती घरची मोठी हाय, तुझ्या घरात मोठ्यांच्या आधी जेवतात व्हय रे? ड्रायव्हर पुढे कितीतरी दिवस नैवेद्याची वाट बघत गुपचूप बसायचा.

झोलाई म्हणजे वाडीची देवी. वाडीच्या माथ्याला, गोठ्यांच्या मागे, पत्र्याखाली एक काळा पाषाण. वाडीत कुठलंही काम निघालं की झोलाईला कौल लावायचा. देवीच्या दोन्ही खांद्यांवर तगरीची एक एक ओली पाकळी चिकटवायची, गाऱ्हाणं घालायचं आणि थांबायचं. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पूजेचा मान काकीच्या सासरकडचा. म्हणजे नवऱ्यामागे तो तुकारामाचा. पण तुकाराम मुंबईला. मान गावात आणि मानकरी मुंबईत, ही आमच्या भागातली जुनी गोष्ट आहे. देवीला रोज पाणी घालायला बाई चालेल का, यावर भावकीत बरीच भवती न भवती झाली. शेवटी काकी म्हणाली, तुमी कशाला भांडता, जिला पाणी घालायचंय तिलाच इचारा. कौल लावला. उजवी पडली. त्या दिवसापासून पूजा तिची.

नांगराचंही तसंच. बाईने नांगराला हात लावायचा नाही हा आमच्याकडचा दंडक. नवरा गेला त्या वर्षी पेरणीला माणूस मिळेना. जो तो आपापल्या शेतात. तिने पुन्हा देवीलाच विचारलं, उजवी मिळाली, आणि दुसऱ्या दिवशी ती कासोटा घट्ट करून नांगरामागे चालली. बांधावर उभं राहून लोकांनी नाकं मुरडली. कुणीतरी म्हणालं, पाऊस पडायचा नाय आता. तिने बैल थांबवले नाहीत. तिकडूनच सांगितलं की परवानगी जिथनं घ्यायची तिथनं घेतलीय, ज्याला राग आला आसंल त्यानं तिच्याशी भांडावं. पाऊस व्हायचा तेवढा झाला. पुढे पुढे वाडीतल्या आणखी बायका नांगर धरू लागल्या. नवरे सगळे मुंबईला, करतील काय?

हे मी ऐकलेलं. म्हशीची गोष्ट मात्र डोळ्यांनी बघितलेली. काकीला एक म्हैस फार मनात भरली होती. शिंगं अशी, कास तशी, सगळं आम्हाला जेवताना सांगून झालं. मग देवीला विचारलं आणि डावी पडली. काकीने म्हैस घेतली नाही, पण देवीशी बोलणं टाकलं. सकाळी जायची, पाषाण धुवायची, फूल ठेवायची आणि एक शब्द न बोलता परत यायची. एरवी तिची पूजा म्हणजे गप्पाच असत. कुणाची सून नांदत नाही इथपासून आमच्या गाडीच्या उशिरापर्यंत सगळं देवीच्या कानावर जायचं. मी विचारलं, काकी, देवीशी अबोला धरतात का? म्हणाली, "धरतात की. ऐकलं मी तिचं. गोड मानून घ्यायला नाय सांगितलं तिनं." पंधरवड्याने पुन्हा गप्पा सुरू झाल्या.

मी तिला एकदा गंमतीत म्हणालो की मनासारखी पाकळी पडेपर्यंत कौल लावत राहायचं, झालं! ती हसली नाही. तिचा नियम पक्का होता. जे आपलं आपण ठरवलंय ते देवीला विचारायचं नाही, ती काय आपल्या ठरावावर अंगठा उठवायला बसलेली नाही. आणि एकदा विचारलं की मग ऐकायचं. महादूचं लग्न ठरवताना तिने कौल लावला नाही तो याचसाठी. मुलगी तिच्या मनात आधीच भरली होती.

महादू तोवर महाडच्या एमआयडीसीत लागला होता. केमिकलच्या कारखान्यात पाळीवर जायचा, मोटरसायकलने, घरी आला की कपड्यांना उग्र वास. त्याची बायको आणि दोन लहान मुलं काकीपाशी. तुकारामही नोकरी संपवून गावी परतला होता, त्याची बायको गेली होती आणि मुलं आपापल्या संसारात तिकडेच. तो पायजमा घालून ओट्यावर बसायचा आणि कशावरही 'टेन्शन नाय घ्यायचा' म्हणायचा. सगळी हयात मुंबईत काढून ज्याचं स्वप्न बघितलं ते घर त्याला आता मिळालं होतं. तो रोज भिंतीला कुठे ना कुठे चुना लावायचा.

महाडकडच्या तळीयेला दरड कोसळून अख्खी वाडी गाडली गेली, त्याच्या पुढच्या पावसाळ्यातली गोष्ट. वरच्या वाडीच्या गोठ्यांमागे जमिनीला भेग पडली. आधी बोटभर होती, मग रुंदावत गेली. एक दिवस कोंबडीचं पिल्लू तिच्यात पडलं, ते आत ओरडत राहिलं आणि कुणाला काढता आलं नाही. सरकारी माणसं येऊन सांगून गेली की पावसाळाभर खालच्या शाळेत राहायला जा. महादू तर खाली जाण्यासाठी हातघाईवर आला होता. पण बायको म्हणे आईंना सोडून जाणार नाही, आणि काकी म्हणे वाडी सोडून मी एकटी कशी जाऊ. आणि वाडीचं म्हणणं एकच होतं, देवी सांगेल तसं. तुकाराम सर्वांत ताठ. तो म्हणाला, तळीयेला आली दरड, पण हितं झोलाय बसलीय.

काकी एकदम कडाडली. "तिथं काय देव नव्हते, भावजी? असं बोलू नये."

तुकाराम हटला नाही. कौल लावायचा ठरला. उजवी पडली तर सगळी वाडी खाली जाणार, डावी पडली तर कुणीही हलायचं नाही, असं सगळ्यांनी देवीसमोर कबूल केलं. महादूनेसुद्धा. तो आईकडे बघत होता आणि त्याचा चेहरा मला बघवत नव्हता.

सकाळची वेळ होती, पाऊस कोसळत होता. मी तिथे असायचं कारण असं की रस्ता केव्हाही बंद होईल म्हणून गाडी लवकर खाली काढायची होती, आणि लोक निघाले तर सामानासकट त्यांना घेऊन जा असं आम्हाला सांगितलेलं होतं. लोक पत्र्याबाहेर छत्र्या आणि डोक्यावर घोंगड्यांच्या खोळी घेऊन उभे. आत पूजा करणाऱ्यानेच जायचं. पण पत्रा नेमका पाषाणावर गळत होता, आणि पाण्याच्या थेंबाने पाकळी पडली तर तो कौल कसला? काकीने मागे वळून मला हाक मारली. म्हणाली, मास्तर, तू ये, छत्री धर, तुझा ह्यात घेणं ना देणं.

मी चपला काढून आत गेलो आणि वाकून देवीवर छत्री धरली, तशी माझ्या पाठीआड बाहेरच्यांना पाषाण दिसेना. काकीने पाषाण पुसून कोरडा केला. दोन पाकळ्या चिकटवल्या. हात जोडले आणि नेहमीच्या आवाजात, एखाद्या जावेशी बोलावं तसं म्हणाली, "आई, लेकरं घेऊन खाली जाऊ का? खरं काय ते सांग. तू सांगशील ते ऐकीन."

मग आम्ही थांबलो. पत्र्यावर पाऊस वाजत होता. महादूची धाकटी मुलगी आईच्या कडेवर खोकत होती, तेवढं ऐकू येत होतं. आणि डावी पाकळी सुटली. वाऱ्याने नाही, पाण्याने नाही. सुटली आणि पाषाणाच्या पायाशी पडली. उजवी जागची हलली नव्हती.

काकी त्या पडलेल्या पाकळीकडे बघत राहिली.  मग तिने ती पाकळी उचलली, पाण्यात बुडवली आणि परत डाव्या खांद्यावर दाबून बसवली. उजव्या खांद्यावरची पाकळी दोन बोटांनी सोडवली. ती मुठीत धरून बाहेर गेली, सगळ्यांसमोर मूठ उघडली आणि म्हणाली, "उजवा दिला."

मी आत छत्री धरून तसाच उभा.  मी फार देवभोळा माणूस नाही, पण नांगर, पूजा, घरातला शब्द, जे काही तिला या जन्मी मिळालं ते या दोन पाकळ्यांवर मिळालं होतं, हे मला ठाऊक होतं. बाहेर महादू मटकन खाली बसला आणि रडायला लागला. तुकारामाने टोपी काढून देवीला नमस्कार केला आणि गोणी आणायला घराकडे गेला. काकीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मीही तोंडात मूग धरले.

गाडी अशी भरली की विचारू नका. हंडे, गोधड्या, शेळ्या, एका म्हातारीचा चुलीचा दगड. काकी सर्वांच्या शेवटी चढली.

पावसाळाभर शाळेत काढला. मग खाली रस्त्यालगत जागा मिळाली, हळूहळू पत्र्याची आणि पुढे चिरेबंदी घरं झाली. वाडी परत वर गेली नाही. एकदा खाली आलेली तरुण माणसं पुन्हा डोंगर चढायला तयार होत नाहीत, त्यांना शाळा, दवाखाना, एमआयडीसीची बस, सगळं हाताशी आलं. झोलाईचा पाषाण मात्र वरच राहिला. आणि काकीने पूजा सोडली. गुडघे दुखतात म्हणाली आणि भावकीतल्या एका पुतण्याच्या हाती पाण्याची कळशी दिली. तो सकाळी मोटरसायकलने वर जाऊन पाणी घालून येतो. काकीचे गुडघे मला चांगले ठाऊक होते. त्याच महिन्यात ती डोक्यावर गवताचा भारा घेऊन चढ चढताना मी बघितली होती. सणाला सगळे देवीला वर जायचे तेव्हा तीही जायची, पण पत्र्याच्या अलीकडे झाडापाशी थांबायची. ओटी सुनेच्या हाती द्यायची. कुणी विचारलं की म्हणायची, हितनं दिसतीय मला ती.

डोंगर पडला नाही. त्या पावसाळ्यात नाही, त्याच्या पुढच्याही नाही. भेगेत माती भरली, तिच्यावर गवत आलं. वरची घरं उभीच होती. लोक आधी देवीचे उपकार मानायचे, मग हळूहळू कुरकुर सुरू झाली की उगाच आलो, वरचा वारा काय, वरचं पाणी काय. सर्वांत जास्त तुकाराम झुरला. त्याने चुना लावलेल्या भिंती खालून दिसायच्या. तो दिवसभर तिकडे तोंड करून बसायचा आणि म्हणायचा, देवीनं सांगितलं म्हणून आलो, नायतर मी मेलो असतो पण हाललो नसतो. हे काकीसमोर म्हणायचा. ती समोर बसून वाल सोलत असायची आणि सोलतच राहायची.

मग तुकारामाने अंथरूण धरलं. मी महाडहून त्याची औषधं घेऊन गेलो होतो, तेव्हा ती त्याला पेज भरवत होती. त्याने चमचा बाजूला सारला आणि विचारलं, "वैनी, खरं सांग. उजवाच दिला व्हता ना तिनं?"

खोलीत आम्ही तिघंच होतो. ती 'नाही' म्हणाली असती तर त्याला उचलून वर न्यावं लागलं असतं, आणि नेलंही असतं. त्याच्या घरात तो मेला असता, त्याला तेवढंच हवं होतं. पण मग सगळ्या वाडीला कळलं असतं, आणि वर जायला टपलेली म्हातारी माणसं पोराबाळांना ओढून घेऊन गेली असती. काकीने पदराने त्याचं तोंड पुसलं. म्हणाली, "उजवाच दिला, भावजी. तिनं दिला म्हणून तर आलो."

"मंग बरं," तुकाराम म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. त्याच आठवड्यात तो गेला. मर्तिकाला काकी रडली नाही, भावकीतल्या बायकांनी त्याचीही नोंद घेतली. मी हात धुवायला मागीलदारी गेलो तर ती तिथे पेजेचं भांडं राखेने घाशीत बसली होती, ते स्वच्छ झालेलं भांडं पुन्हा पुन्हा, आणि हमसून हमसून रडत होती. मी तसाच मागे फिरलो. 

आता मी निवृत्त झालोय. गेल्या आषाढात पोलादपूरला काम निघालं म्हणून तिला भेटायला गेलो. ती आता फार वाकलीय, पण कान तल्लख. मला बसायला पाट दिला, सुनेला चहा टाकायला सांगितलं. महादूची मुलं मोठी झालीत. खोकणारी ती धाकटी आता शाळेत धावण्यात पहिली येते, हे मला काकीने दोनदा सांगितलं. सून आत गेली, तसं त्या सकाळनंतर पहिल्यांदाच मी तो विषय काढला. म्हणालो, काकी, डोंगर काही हलला नाही.

ती म्हणाली नाय हलला. मग मी धीर करून विचारलं की पस्तावा होतो का.

"नाय रे मास्तर. आज परत इचारलं आणि तिनं डावी दिली, तर मी परत तसंच करीन. म्हणून तर आत जात नाय. पस्तावले असते तर पाय धरायला गेले असते तिचे."

मी म्हणालो, एखादी दरड आली असती तर निदान तुझं खरं झालं असतं. तिने झटकन मान वर केली आणि माझ्याकडे असं बघितलं की मी काहीतरी अभद्र बोललोय.

"असं बोलू नको. एक धोंडा जरी सुटला ना, तर ती खोटी पडंल. मी काय, माणूस हाय, आज हाय उद्या नाय. लोकांना कळलं नाय तरी, ती खोटी पडली तर त्यांनी कुणाकडं बघायचं? रोज तेवढंच मागते, हितनंच. बोलते, आई, तू बोललीस ना कायच व्हणार नाय, मंग धरून ठेव डोंगर. तुझं खरं कर. माझं पाप माझ्याकडं ऱ्हाऊ दे."

चहा आला. आम्ही प्यालो. मग ती सुनेच्या हातच्या चहाला नावं ठेवत बसली.

निघताना पाऊस वाढला. गाडी आली, मी खिडकीशी बसलो. रस्त्यालगतच्या घरांची दारं धडाधड बंद होत होती, बायका वाळवणं आणि पोरं आत ओढत होत्या, सून अंगणातून हाका मारीत होती की आई, आत या, भिजाल. काकी आत गेली नव्हती. डोईवर खोळ घेऊन ती डोंगराकडे तोंड करून उभी होती, हात जोडून, आणि तिचे ओठ हलत होते.